मी, अट क्रमांक पंधरा

मी एक मिनीबस बोलतेय. सोळा आसनांची, पांढरी, डाव्या दाराला एक पोचा आलेली. लार्क मेडोचे लोक मला नुसतं ‘बस’ म्हणायचे. कौन्सिलच्या कागदांत मात्र माझं नाव ‘अट क्रमांक पंधरा’ असं आहे.

माझी पहिली सात वर्षं एका प्राथमिक शाळेत गेली. मुलं दर पाच मिनिटांनी विचारायची, “आलं का?” त्यांनी आसनांखाली चिकटवलेलं चिंगम अजून तिथेच आहे. शाळेने नवी गाडी घेतली आणि मला एका बिल्डरने विकत घेतलं. त्याला बस हवी होती असं नाही. कौन्सिलला हवी होती.

लार्क मेडो ही इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्यातली बैठ्या घरांची वसाहत. जवळचं बाजारगाव स्केल्डबी, सहा मैलांवर. बेचाळीस घरांची परवानगी देताना कौन्सिलने बऱ्याच अटी घातल्या होत्या. चौदावी अशी, की इथे कायम राहणाऱ्याने वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण केलेली असावीत. पंधरावी अशी, की चौदावी अट लागू आहे तोवर बिल्डरने आठवड्यातून दोनदा इथल्या लोकांना बसने स्केल्डबीला न्यावं. म्हणजे चौदा गेली की पंधराही जाणार. हे मी नीट समजून घेतलं होतं, कारण पंधरावी मी होते.

मंगळवारी बाजार, गुरुवारी दवाखाना. माझी ड्रायव्हर केरी लिडगेट, छत्तीस वर्षांची. ती आपल्या मुलीला घेऊन आईच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायची.

डावीकडच्या दुसऱ्या रांगेत खिडकीशी ग्लेनिसबाई पॅडमोर बसायच्या. वय एकोणऐंशी. त्यांच्या शेजारी मिस्टर डेस्मंड हार्टनॉल, वय सत्त्याहत्तर. बाई नऊ नंबरच्या घरात, हे अकरात. मिस्टर हार्टनॉल यांनी जन्मभर सांडपाण्याच्या वाहिन्या तपासल्या होत्या. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाई त्यांना जाताना एक पेपरमिंटची गोळी द्यायच्या आणि येताना एक. बोलणं फारसं नसायचं. काही प्रवाशांना बोलायची गरज नसते, नुसता शेजार पुरतो.

ग्लेनिसबाईंना घर विकायचं होतं. त्यांची बहीण नेस्टा तिकडे वेल्समध्ये, ॲबरिस्टविथला एकटी राहायची आणि तिची नजर जात चालली होती. दोन आठवडे ती प्लॅस्टिकच्या फुलांना पाणी घालत होती, हे बाईंना फोनवर कळलं तेव्हा त्यांनी घरापुढे विक्रीची पाटी लावली. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

“काल कोणी आलं होतं ना घर बघायला?” केरीने आरशातून विचारलं.

“आलं होतं. गोड जोडपं. तो त्रेपन्न, तीही त्रेपन्न.”

“मग?”

“मग एजंट म्हणाला, दोन वर्षं थांबता का. मी म्हटलं, बाबा, तू हे कोणाला विचारतोयस, त्यांना की मला?”

मिस्टर हार्टनॉल हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले. खिडकी बाईंच्या बाजूला होती.

एकट्या बाईंचं घर अडलं होतं असं नव्हे. बेचाळीसपैकी पंधरा घरं कधी विकलीच गेली नव्हती. बिल्डरने त्यांना पडदे लावून ठेवले होते. शेवटी त्याने पंचावन्नची अट उठवण्यासाठी अर्ज केला आणि माझ्या थांब्याजवळच्या दिव्याच्या खांबाला एक पिवळी नोटीस बांधली गेली. हरकती आणि सूचना एकवीस दिवसांत कळवाव्यात.

मिस्टर हार्टनॉल यांनी तिसऱ्याच दिवशी हरकत पाठवली. पुढच्या मंगळवारी बसमध्ये त्यांनी उभं राहून सांगितलं, की पोरंबाळं आली की गाड्या वाढतील, आवाज वाढेल, सांडपाण्याची वाहिनी तुंबेल आणि बस बंद होईल. बहुतेकांनी माना डोलावल्या. ग्लेनिसबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

कौन्सिलकडे आलेली पत्रं कोणालाही वाचता येतात. मिस्टर हार्टनॉल यांनी ती सगळी वाचनालयात छापून घेतली आणि परतीच्या वाटेवर माझ्यात बसून चाळू लागले. एका पानावर ते थांबले.

“पाठिंबा. घर नंबर नऊ,” ते म्हणाले. “हे तुम्ही लिहिलंत?”

“मीच. नऊ नंबरात दुसरं कोण राहतं?”

“मला बोलला नाहीत.”

“तुम्ही हरकत घेतलीत तेव्हा मला विचारलं होतंत?”

“माझी हरकत सांडपाण्यावर आहे.”

“हो, वाचली मी. चार पानं आहेत.”

त्या दिवशी येतानाची गोळी कोणी दिली नाही, कोणी मागितली नाही. गुरुवारी मिस्टर हार्टनॉल सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले. माझा मागचा बाक चांगलाच उसळतो आणि त्यांच्या पाठीचं दुखणं जुनं. केरीने गाडी हळू चालवायला सुरुवात केली. सहा मैलांना आता अर्धा तास लागू लागला.

मग बाकीचेही वाटले गेले. हरकतवाले उजवीकडे, पाठिंब्यावाले डावीकडे. उजवीकडे अकरा, डावीकडे तीन. मी एका अंगाला झुकते असं केरीला वाटलं म्हणून तिने मला गॅरेजमध्ये नेलं. मेकॅनिकने माझ्या स्प्रिंगचे पाटे तपासले आणि दोष आढळला नाही असं लिहून दिलं.

“केरी, तू कोणाच्या बाजूची?” तिला दर फेरीला कोणीतरी विचारायचं.

“मी रस्त्याच्या डाव्या बाजूची,” ती म्हणायची.

तिने पत्र पाठवलं नव्हतं. अट उठली तर रिकाम्या घरांतलं एखादं तिला भाड्याने मिळण्याची शक्यता होती, पण नोकरी जाणार होती. अट राहिली तर नोकरी राहणार होती आणि आईची मागची खोलीही.

फेब्रुवारीत नियोजन समिती स्थळभेटीला आली. नऊ सदस्य आणि एक अधिकारी. त्यांना आणायला मलाच पाठवलं होतं. निघतानाच अधिकाऱ्याने बजावलं, की अर्जाबद्दल आपसांत बोलायचं नाही. त्यामुळे सहा मैल सगळे हवेबद्दल बोलले. हवा ढगाळ होती. वसाहतीत उतरून त्यांनी रस्त्याची रुंदी पाहिली, पडदे लावलेली रिकामी घरं पाहिली आणि ‘छान दिसतात’ असं कोणीतरी म्हणालं. अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं.

त्यांच्यातले ट्रेंबाथ नावाचे एक वयस्कर सदस्य बराच वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मिस्टर हार्टनॉल यांनी आपलं दार उघडलं.

“या, आत या. डावीकडे आहे.”

“हे चालेल का?” ट्रेंबाथनी अधिकाऱ्याला विचारलं.

“बैठकीत जाहीर करावं लागेल,” अधिकारी म्हणाला.

ट्रेंबाथ क्षणभर विचारात पडले आणि आत गेले.

मार्चच्या बारा तारखेला, सकाळी दहाला बैठक होती. मी चौदाजणांना घेऊन गेले. डावे-उजवे तसेच बसले होते. ग्लेनिसबाईंनी भाषण लिहून आणलं होतं आणि वाटेत तीनदा काढून वाचलं. सगळे आत गेल्यावर केरी माझ्यातच बसून राहिली. बैठक फोनवर दिसत होती. तिने फोन स्टिअरिंगपुढे उभा केला.

सुरुवातीला ट्रेंबाथ उठले. “स्थळभेटीच्या दिवशी मी एका हरकतदारांचं शौचालय वापरलं. त्याचा माझ्या मतावर परिणाम झालेला नाही.”

“नोंद घेतली,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

मग एकजण म्हणाला, मुलं आली तर शाळेत जागा कुठे आहे? दुसरी म्हणाली, जागा आहे, उलट मुलं नाहीत म्हणून तिथला एक वर्ग बंद करायची वेळ आली आहे. तिसरा म्हणाला, माझ्या वॉर्डात माणसं गाडीत झोपतायत आणि इथे पंधरा घरांत नुसते पडदे राहतायत. कोणीतरी विचारलं, बस किती लोक वापरतात? अधिकारी म्हणाला, आकडेवारी उपलब्ध नाही. त्याच्यापुढे चौदाजण बसलेले होते.

मिस्टर हार्टनॉल यांचं नाव पुकारलं गेलं. तीन मिनिटं. त्यांनी वाहिनीचा व्यास सांगितला, उतार सांगितला, पावसाचं पाणी वाहिनीला कुठे येऊन मिळतं ते सांगितलं. मग बोलणं थांबलं. केरीला वाटलं फोन बंद पडला, तिने तो हलवून पाहिला.

“आपले चाळीस सेकंद शिल्लक आहेत,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“नऊ नंबरात माझ्या शेजारीणबाई राहतात,” मिस्टर हार्टनॉल म्हणाले. “त्या दोन वर्षं गिऱ्हाइकाची वाट बघतायत. त्यांच्या बहिणीला दिसेनासं होत चाललंय. ती काही समितीसाठी थांबणार नाही. एवढंच.”

“ही हरकत समजायची की पाठिंबा?”

“नाव हरकतीत नोंदवलंय.”

“मग हरकत धरते,” अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं. ते ग्लेनिसबाईंचं होतं.

बाई माइकपाशी आल्या. कागद हातात होता. त्यांनी त्याची घडी घातली.

“मला जे सांगायचं होतं ते मिस्टर हार्टनॉल यांनी सांगितलं. सांडपाण्याबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ते नीट करून घ्या.” त्या खाली बसल्या. अडीच मिनिटं शिल्लक होती.

मतदान झालं. अट उठवावी, पाच. उठवू नये, चार. ट्रेंबाथ यांनी उठवू नये म्हणून हात वर केला. सांडपाण्याची वाहिनी रुंद करण्याची नवी अट घातली गेली. बस सप्टेंबरअखेर बंद. केरीने फोन उचलून खिशात ठेवला आणि काच पुसू लागली. काच स्वच्छच होती.

परत निघताना मिस्टर हार्टनॉल नेहमीसारखे मागे जाऊन बसले. गाडी चालू झाल्यावर ग्लेनिसबाई उठल्या आणि आसनांना धरत धरत मागे गेल्या. चालत्या गाडीत उठायचं नसतं. केरीने वेग कमी केला, पण टोकलं नाही.

“सरका जरा,” बाई म्हणाल्या.

ते सरकले. बाई बसल्या.

“डेस्मंड, तुमचा मुद्दा सांडपाण्याचा नव्हता.”

“सांडपाण्याचाही होता.”

“आणि दुसरा?”

त्यांनी हरकतीच्या कागदांच्या कडा जुळवल्या.

“तीन मिनिटं होती तुमच्याकडे. सांगायचा होतात.”

“तो समिती ग्राह्य धरत नाही. मी आधी विचारून घेतलं होतं.”

“कोणाला?”

“कौन्सिलच्या कचेरीत ती मुलगी बसते ना, तिला. म्हणाली, शेजारी सोडून जाणं हे नियोजनाच्या दृष्टीने कारण होत नाही. मी म्हटलं, लेखी द्याल का? तर तिने दिलं लेखी.”

बाईंनी पर्स उघडली, गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. आख्खं पाकीट. मी खड्ड्यांतून जात होते. मागचा बाक उसळत होता. कोणी तक्रार केली नाही.

बाईंचं घर अकरा दिवसांत गेलं. दवाखान्यातल्या एका नर्सने घेतलं, तिला जुळी मुलं आहेत. जूनमध्ये केरीने बाईंना स्टेशनवर सोडलं. तो दिवस मंगळवारही नव्हता, गुरुवारही नव्हता. नियमाप्रमाणे मी निघायलाच नको होतं. मिस्टर हार्टनॉल बॅगा घेऊन सोबत आले होते.

“पत्र लिहा,” बाई म्हणाल्या.

“मला पत्रं लिहिता येत नाहीत.”

“चार पानं लिहिता तुम्ही. मी वाचली आहेत.”

बाईंची आगगाडी गेली. मिस्टर हार्टनॉल परत येऊन डावीकडच्या दुसऱ्या रांगेत बसले, आपल्याच जागी. खिडकीजवळची जागा मोकळी ठेवली.

“लांबच्या रस्त्याने घेऊ?” केरीने विचारलं.

“डिझेल जाईल.”

“जाऊ दे.”

“मग घे,” ते म्हणाले.

सप्टेंबरअखेर माझी शेवटची फेरी झाली. केरी आता रुग्णवाहिका चालवते. घरासाठी तिने अर्ज केलाय, यादीत नाव आहे. परवा ती मला बघायला आली होती. मिस्टर हार्टनॉल स्केल्डबीला जायला मैलभर चालत मुख्य रस्त्यावरची बस गाठतात, असं सांगत होती. महिन्यातून एकदा मात्र टॅक्सी करून स्टेशनवर जातात आणि तीनदा गाडी बदलून ॲबरिस्टविथला पोचतात. नेस्टाला वर्तमानपत्र वाचून दाखवतात. ती म्हणते, हा माणूस बातम्याही तक्रारीसारख्या वाचतो. जुळ्यांनी त्यांच्या कुंपणात दोनदा चेंडू टाकला. त्यांनी तो परत दिला आणि चेंडू टाकल्याची तारीख लिहून ठेवली.

मी सध्या जुन्या गाड्यांच्या लिलावाच्या आवारात उभी आहे. समोरच्या काचेवर नंबर चिकटवलाय. बॅटरी उतरलीय, हीटर फक्त डाव्या बाजूला चालतो. लोक येतात, टायरला लाथ मारून बघतात. टायरला लाथ मारून नेमकं काय कळतं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

मला जो कोणी घेईल त्याला एकच सांगणं आहे. लहानांना न्या, म्हाताऱ्यांना न्या, मी दोन्ही नेले आहेत. लहान उड्या मारून उतरतात. म्हातारा माणूस आधी काठी खाली टेकवतो, मग एक पाय, मग थोडा थांबतो, मग दुसरा पाय. त्या मधल्या थांबण्याला वेळ लागतो. तोवर दार लावू नका.