पहिला चहा कुणाला

युएत हो सकाळपासून बघत होती. फोन वाजला की लाई क्वान तो घेऊन बाथरूममध्ये जायची आणि नळ मोठा सोडायची. लग्नाच्या दिवशी नवरी इतक्यांदा हात धुते कशाला?

"कुणाचा फोन गं?"

"मैत्रिणीचा, आत्या. रस्ता चुकलीय."

इपोहमध्ये जन्म काढलेल्या मैत्रिणी आज बऱ्या रस्ता चुकायला लागल्या, युएत हो मनात म्हणाली.

लाई क्वान तिच्या भावाची मुलगी. भाऊ गेला तेव्हा पोर बालवाडीत होती. वर्ष फिरायच्या आत वहिनी, सुएत न्गो, नोकरीसाठी म्हणून मलेशिया सोडून सिंगापूरला गेली आणि तिथंच दुसरं लग्न करून राहिली. युएत होनं स्वतःचं लग्न केलंच नाही. शिवणयंत्रावर पाठ वाकवून तिनं भाची वाढवली. आजच्या लाल जरीच्या जाकिटाची कंबरही तिनंच आत घेतली होती.

नवरीला सजवायला आणि विधी सांगायला फूंग-चे नावाची बाई आली होती. तिच्या तोंडात सदा आशीर्वाद. केसांत सोन्याचा पिसारा खोचता खोचता तीसुद्धा पोरीच्या कानाशी लागत होती.

"ताई, पपनसाची पानं आणता का अंगणातून?" फूंग-चेनं विचारलं.

"मघाशी तर आणली."

"आणखी चार असू देत. शुभ असतं."

कुठंतरी पाणी मुरतंय हे कळायला युएत होला पंचांग नको होतं. ती अंगणात गेली, पण पानं न तोडताच मागच्या दारानं परतली. आतून फूंग-चेचा आवाज आला, "आत्याला संशय नाही ना आला?"

"आलाय," लाई क्वान म्हणाली. "तिला सगळ्याचाच येतो."

युएत हो तशीच बैठकीच्या खोलीत आली. पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढं दोन खुर्च्या मांडल्या होत्या. नवरा-नवरी गुडघे टेकून आई-बापाच्या मानाचा पहिला चहा तिथं देणार. एका खुर्चीवर थोरले काका बसणार हे ठरलं होतं. दुसरीवर कोण, ते कुणी बोललं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. ती काय तोंड उघडून मागायची गोष्ट? शिवाय बिनलग्नाच्या बाईचा मान पहिला नाही, असं काकूंनी कालच दोनदा ऐकवलं होतं.

गेटापाशी टॅक्सी थांबली. नवरदेव असा टॅक्सीनं येणार नाही. युएत होनं खिडकीतून पाहिलं. केस पिकले होते, पण चाल तीच. सुएत न्गो.

"म्हणजे नळ हिच्यासाठी वाहत होता!" ती खोलीत घुसली. "आईच हवी होती तर तसं तोंडावर सांगायचं. मी तुझं काय खाल्लं असतं?"

"आत्या, बस जरा."

"कुठं बसू? खुर्ची तर गेली!"

लाई क्वान उठली. डोक्यावरचा पिसारा थरथरला. "तिनंच फोन केला होता. येऊ का म्हणाली. मी म्हटलं, 'ये. पण खुर्ची आत्याची आहे. तुला चहा ओतावा लागेल, उभं राहून.' दोन दिवस फोन करून करून विचार करत होती. आत्ता बसस्टँडवरून हो म्हणाली."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू गेटाला कुलूप घातलं असतंस."

"घातलंच असतं!"

फूंग-चे मध्ये पडली. "ताई, नवरीला रडवू नका. पावडर मी एकदाच लावते."

नवरदेव आला. मैत्रिणींनी त्याला दारात हवं तेवढं छळलं आणि मग आत सोडलं. युएत हो खुर्चीत बसली. काकूंनी नाक मुरडलं ते तिला दिसलं. मागं सुएत न्गो किटली धरून उभी होती. ओतताना तिनं थोडा चहा बशीत सांडला.

"आत्या, चहा घे," लाई क्वान गुडघ्यांवर बसून म्हणाली.

चहा गोड होता, खजूर आणि लिचीसारखं लोंगन फळ घातलेला. युएत होनं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. पण मान वळवून मागं पाहिलं नाही. इतक्या वर्षांनी ही बाई नुसती किटली धरायला आली, यावर तिचा अजूनही विश्वास बसत नव्हता. आज किटली धरली, उद्या पोरीचा हात धरेल.

वरात गेल्यावर गेटात दोघीच उरल्या.

"तिसऱ्या दिवशी पोर माहेरी येईल," सुएत न्गो हळूच म्हणाली. "मी येऊ?"

युएत होनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तिला पुन्हा चोरून फोन करायचा नाही. काय विचारायचं ते मला विचार."

"तुम्हालाच विचारतेय."

"बघू," युएत हो म्हणाली आणि गेट उघडंच ठेवून आत गेली.