उदबत्तीनं पुसलेला नंबर

मी टाकीखालच्या खोलीतला डबा बोलतोय. करड्या रंगाचा, तळहाताएवढा, दोन हिरव्या दिव्यांचा. कागदावर मी 'डिव्हाइस सर्व्हर' आहे. गोदाकाठच्या या गावात नुसता डबा.

टाकीत किती टक्के पाणी आहे, ते दर दहा सेकंदांनी तालुक्याच्या ऑफिसातल्या संगणकाला कळवायचं, एवढंच माझं काम. संगणकाला हजारो दारं असतात, डोळ्यांना एकही दिसत नाही. नगरहून आलेल्या अमृत इंजिनिअरनं त्यातलं एक मला नेमून दिलं, पाच हजार बारा नंबरचं. माझी पद्धत यूडीपीची. दाराशी निरोप टाकायचा आणि निघायचं. कुणी ऐकला का, हे विचारायची आमच्यात रीत नाही. सरकारी कामात मी लगेच रुळलो.

खोली सांभाळतो शलमोन. कंत्राटी नोकरी, अकरा वर्षं झाली. मी आल्यावरही तो रोज शिडीनं टाकीवर चढून पाणी बघायचा. मला भारी राग यायचा. माझ्यावर एवढाही भरवसा नाही?

खंडेनवमीला शिपाई पुंजाराम पूजेला आला. मला पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. उदबत्ती खोचायला जागा मिळेना, तेव्हा माझ्या कडेचं बारीक भोक त्याला दिसलं. काडी नेमकी बसली. ते भोक रिसेटचं! आतलं बटण दाबलं गेलं आणि भक्तिभावानं माझी सगळी शिकवण पुसली गेली. कारखान्यातून निघताना जे दार पाठ होतं, तिथंच मी निरोप टाकू लागलो. तिथं ऐकणारं कुणी नव्हतं. दिवे मात्र हिरवेच.

ऑफिसातल्या स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहिला, बासष्ट टक्के. पंप त्या आकड्यावरच आपोआप चालायचा, टाकीत पुरेसं पाणी आहे असं समजून तो चालेना. दुसऱ्या दिवशी गावाचे नळ कोरडे पडले.

शलमोननं फोन लावला. "साहेब, टाकीत थेंब न्हाई. मी सोता चढून बघितलंय. पंप सुरू करा."

"स्क्रीनवर बासष्ट दिसतंय," तालुक्याच्या ऑफिसातले कानिफनाथ साहेब म्हणाले. "तुझे डोळे खरे का मशीन? व्हॉल्व्ह तूच बंद ठेवला असशील."

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. चोवीस तासांत खुलासा करा, नाहीतर कामावरून कमी. बाहेर बाया हंडे घेऊन त्याच्या नावानं ओरडत होत्या. तो माझ्यासमोर येऊन बसला.

"बोल की रं कायतरी," तो म्हणाला.

मी बोलतच होतो. शून्य, शून्य, शून्य. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

शेवटी त्यानंच अमृतला बोलावून घेतलं. अमृतनं माझ्या भोकातून जळक्या काडीचा तुकडा ओढून काढला, कपाळावर हात मारला आणि पाच हजार बारा पुन्हा भरलं. स्क्रीनवर शून्य उमटलं, पंप धडधडला, संध्याकाळी नळांना पाणी आलं.

नोटीस मागे घेतल्याचं पत्र आठवड्यानं आलं. त्यात पुढं लिहिलं होतं: यंत्रणा आता पूर्ण भरवशाची असल्यानं टाकीवर चढण्याची गरज नाही, शिडी काढून टाकावी.

शिडी गेली. शलमोनची नोकरी राहिली. आता तो रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहून हळूच विचारतो, "खरं सांगतूयास ना रं?"

साहेब, तेवढी शिडी परत लावा. त्याला उत्तर द्यायची माझ्यात सोय नाही.