तेलरंगातला डफ

आमच्या घरच्यायले चित्राचं लय याड. आमच्या केनवड गावात माह्या नवऱ्याले शेषराव पेंटर म्हणतात, पण पेंटर कायचे, पोळ्याले बैलाची शिंगं रंगवणारे. तरी आमची भिंत येऊन पाहा. गेरू, चुना अन् निळीनं काढलेले पेटीवाले, ढोलकीवाले, टाळवाले. कुठं गाणं चाललं की हे कोळसा घेऊन हजर. गाणं ऐकत नाहीत, नुसते वाजवणाऱ्याचे बोटं पाहात बसतात.

दुष्काळ सरला अन् यंदा त्यायले तेलरंगाची हौस आली. "गेरू पाण्यानं वाहून जाते, विजयमाला. तेलाचा रंग जात नाही." वाशीमहून डबे आणले अन् बुद्धजयंतीसाठी मांजरपाटाचा पडदा धरला. त्याच्यावर आपल्या गायन पार्टीचं चित्र. विहाराचं दार लावून काढलं, मलेबी दाखवलं नाही. मामाजीले, म्हणजे माह्या सासऱ्याले, एवढंच सांगितलं, "बाबा, तुमीबी हाय त्याच्यात." मामाजीनं संदुकीतून नवं धोतर काढलं. सकाळपासून नेसून बसले होते.

मांडवात सारा गाव जमला. पडदा उघडला. पेटीवर उकंडराव, ढोलकीवर देवमन, अगदी हुबेहूब. अन् कडेले आमचे मामाजी, ग्यानबा, हातात डफ घेऊन.

म्हातारे माणसं एकमेकायकडं पाहाले लागले.

तुमाले माहीत नसन तर सांगते. गावातल्या लग्नात, मयतीत डफ आमच्याच लोकायनं वाजवायचा. वरातीच्या पुढं चालायचं अन् जेवाले उकिरड्यापाशी बसायचं. धम्म घेतला त्या दिवशी मामाजीनं आपला डफ चुलीत घातला. कातडं जळून घरभर वास सुटला होता, असं सासू सांगे. त्यानंतर त्याचं नाव घरात कोणी काढलं नाही. अन् ह्या शहाण्यानं तो पडद्यावर चढवला.

पुढं खुर्चीवर नानाजी पाटील पाहुणे म्हणून बसले होते. मनानं वाईट माणूस नाही. ते हसले. "वा ग्यानबा. माह्या लग्नात तू असाच वाजवला होता. आता कसा ग्यानबा वाटून राह्यला."

मले वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. मी पदर तोंडावर ओढला. घरच्यायचं तोंड काळं ठिक्कर पडलं. "बाबा, मी लहान होतो तवा तुमी असेच दिसे. अन् तो कोपरा रिकामा वाटून राह्यला होता, गोल डफानं भरला."

कोपरा भरला म्हणे. बापाची अब्रू गेली, पण कोपरा भरला.

मामाजी उठले. रांजणातल्या पाण्यात नव्या धोतराचा सोगा भिजवला अन् डफ पुसाले लागले. घासून राह्यले, घासून राह्यले. डफ तर घासल्या थाळीवानी अजूनच चमकाले लागला.

"काहून जात नाही रे हे?"

"तेलाचा रंग हाय, बाबा. रॉकेल लागते."

मी घरी पळाली. चिमणीतलं रॉकेल वाटीत ओतून आणलं. लोकायच्या मधातून ती वाटी नेताना कोणाकडं पाहाची हिंमत झाली नाही. घरच्यायनं चिंधी भिजवून आपल्याच हातानं डफ पुसला. डफ गेला. तिथं मळकट डाग राह्यला, अन् दोन हात राह्यले. एक छातीशी धरलेला, एक वर उचललेला, बोटं फाकलेले. ते हात काय वाजवून राह्यले, हे आंधळ्यालेबी कळलं असतं.

"बाबा, हातात पुस्तक काढू का?" हे कसेबसे बोलले.

"मले वाचता येते काय?" मामाजी म्हणाले. "राहू दे, लेका. पाटील म्हणन, ग्यानबा आता पुस्तकबी वाजवते."

कोणी हसलं नाही. पाटीलबी खाली पाहाले लागले.

मामाजी पहिल्या रांगेत जाऊन बसले. धोतराचा ओला सोगा रंगानं बरबटला होता. देवमननं ढोलकीवर थाप मारली, उकंडरावनं पेटी धरली. मामाजीले ठेका ऐकून कधी स्वस्थ बसवत नाही, घरी जेवताना ताटावरबी बोटं वाजतात त्यायचे. त्या दिवशी गाणं संपेपर्यंत ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.