माझं शिवलेलं हसू

या मित्रांनो, चटईवर जरा जवळ सरकून बसा. आज तुम्हाला माझ्या हसण्याची कथा सांगते. सांगताना मान खाली जाते, तरी सांगते; चूक मनात झाकून देवापुढे बसता येत नाही.

मी एक जुनी कापडी बाहुली आहे. दूर समुद्रातल्या सावाई बेटावरच्या एका छोट्या दवाखान्यासाठी चर्चच्या बायकांनी भजनं गात मला शिवलं. पोटात सावरीचा कापूस, ओठांवर लाल धाग्याचं हसू. पेता नर्स माझ्या मांडीत सुई खुपसायची आणि मुलांना म्हणायची, "बघा, हसतेय की नाही?" लहानगी खुदकन हसत. मला वाटे, मुलांचं भय मीच पळवते. केवढा हा गर्व!

मग चौदा वर्षांची फेतू आली. भजनमंडळातला सर्वांत उंच आवाज तिचा. दुखऱ्या घशाकडे दुर्लक्ष झालं, ताप सांध्यांतून हृदयात उतरला. आता तो पुन्हा उलटून हृदय आणखी बिघडू नये म्हणून दर चार आठवड्यांनी इंजेक्शन, तेही कित्येक वर्षं.

पेताने मला पुढे केलं. "बाहुली रडतेय का? मुंगी चावल्यासारखं होईल, बस्स. भीती नाही ना?"

फेतूने तोंड उघडलं, तोच तिची आई लोसा म्हणाली, "छे हो! माझी पोर घाबरते की काय?"

फेतूने भुवया उडवल्या. आमच्याकडे तो होकार. वडीलधाऱ्यांसमोर नकार देणारी पोर आमच्या गावात अजून जन्मायची आहे.

औषध घट्ट होतं. सावकाश गेलं, पाय जाळत गेलं. फेतू ओरडली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी हसत होते.

पुढच्या महिन्यापासून ती दवाखान्याचं नाव सांगून घरून निघे आणि समुद्राकाठी बसून परत जाई. पाच महिन्यांनी गाता गाता तिचा श्वास तुटला. हृदयाची झडप पार बिघडली होती. समुद्रापार नेऊन शस्त्रक्रिया करायची ठरली.

निघण्याआधी मायलेकी दवाखान्यात आल्या. या वेळी पेताने लोसाला कोको प्यायला बाहेर धाडलं, मला कोपऱ्यात ठेवलं आणि स्वतः जमिनीवर बसली.

"मी खोटं बोलले, पोरी. ते दुखतंच. आता भुवया नकोत, तोंडाने सांग. कशाची भीती वाटते?"

फेतू तिच्याजवळ जमिनीवर उतरली. "घशात नळी घालतात म्हणे. मग मी गाणार कशी?"

"नळी काढल्यावर घसा खवखवेल. काही दिवस कुजबुजावं लागेल. छाती दुखेल, त्यावर औषध देतील. आवाज बहुतेकांचा परत येतो."

"शपथ?"

"शपथ नाही घेणार."

फेतू हसली. "आत्ता खरं बोललीस, मावशी! आणि ही बया? हिला कसलं एवढं हसू येतंय?"

तिने कात्री घेतली, माझं हसू उसवलं आणि तिथे एक सरळ टाका घातला. मला दुखलं नाही. मला कधीच दुखलं नव्हतं, मित्रांनो, हीच माझी लाज. ज्याला दुखत नाही त्याने दुसऱ्याला धीर कसा द्यावा?

परवा फेतू विमानाने गेली. उद्या तिची शस्त्रक्रिया आहे. पेता आता मुलांना आधी विचारते, मग सांगते. मी सरळ तोंडाने शेजारी बसते.

तुम्हीही घाबरलेल्याला "काही होत नाही" म्हणू नका. जवळ बसा, ऐकून घ्या. आणि आज संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला, की डोळे मिटून आमच्या फेतूची आठवण करा. आणि तिच्या आवाजाचीही.