पाच कोनांचे स्क्रू

गाडी यायला तासभर उरला होता आणि बाबांनी डबा पुन्हा खोलला.

डबा म्हणजे लेकीचा कॉम्प्युटर. बाजारातल्या काळ्या पेट्या तिला नको होत्या. एकावर एक रचलेले चार लाकडी कप्पे, बाजूला खटके. जेवणाच्या डब्यासारखे सुटे करायचे आणि उचलून चालू लागायचं. आराखडा तिचा, हात बाबांचे. लेथवर तीस वर्षं काढलेल्या माणसाने असलं काही करावं यात नवल नव्हतं. नवल हे, की महिन्याभरात चार वेळा पुरा झालेला डबा त्यांनी आज चौथ्यांदा खोलला होता.

"आता काय झालं?" आईने दारातून विचारलं.

"पंखा खरखरतोय."

"पंखा नाही, तुम्हीच खरखरताय. पोरगी नोकरीवर रुजू होईल, तरी तुम्ही इथे घासतच बसाल!"

बाबा हसले नाहीत. खिडकीपर्यंत गेले, रस्ता पाहून परत आले.

लेक आत आली. तिने एक स्क्रू उजेडात धरला. त्याच्या डोक्यावर पाच कोनांची खाच होती.

"बाबा, असले बाजारात मिळत नाहीत."

"मीच बनवलेत लेथवर. साध्या स्क्रूने लाकूड पिचतं."

ही शुद्ध थाप होती. दर चार-सहा महिन्यांनी तिला आतला एखादा भाग बदलावा लागणार, आणि हे स्क्रू उघडणारा पेचकस जगात एकच, बाबांच्या भिंतीवरच्या खिळ्याला. म्हणजे झक मारत घरी यावं लागेल. आठवडाभर ही युक्ती त्यांना फार हुशारीची वाटत होती.

लेकीने भिंतीवरच्या त्या खिळ्याकडे एकदा पाहिलं. तिने एकेक कप्पा घट्ट धरला आणि बाबांनी स्क्रू आवळले. तिचे ते निर्धास्त हात बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. परक्या गावात, ऐन कामाच्या घाईत मशीन बंद पडलं तर पोरीने करायचं काय? ती आईकडे वळताच त्यांनी पेचकस फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीच्या तळाशी सारला.

हॉर्न वाजला. चारही कप्पे मागच्या सीटवर ठेवून झाले. लेकीने पिशवी उचलली आणि तिचं वजन हाताने जोखलं.

"थांबा, चार्जर राहिला!" म्हणत लेक पिशवीसकट आत पळाली आणि लगेच परतली. "येते हं, बाबा."

"कप्प्यांना धक्का लागू देऊ नकोस," एवढंच त्यांना सुचलं.

गाडी वळणाआड गेली. बाबा खोलीत येऊन उगाचच भुसा झाडू लागले. झाडता झाडता त्यांची मान वर झाली.

पेचकस खिळ्याला लटकत होता. खाली फडक्याची नीट घडी घातलेली होती.

"चार्जर सापडला का हो तिला?" आईने बाहेरून विचारलं.

"सापडला," बाबा म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच स्टुलावर टेकले.