पंधरा घरी

शनिवारी दुपारी दोन वाजता आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी कांदिवलीच्या माझ्या घरात दोरीवर चादरी वाळत घालत होते. तिच्याकडे सकाळचे साडेदहा वाजले होते. पडद्यावर आधी तिची हनुवटी दिसली, मग टोपीची कड, मग एकदम नुसता केशरी रंग.

"काय करतंस गो?"

"ऑफिसचं काम चाललंय, आई."

"शनिवारी?"

"शनिवारी."

"बरं. हे बघ. आत्ता उघडतायत. साडेदहाच्या आधी डोळे उघडत नाहीत, अगदी तुझ्यासारखी." ती हसली आणि फोन हलला. "वाळवंट आहे हे, अनू. वर्षभर नुसती धूळ असते म्हणे. थंडीत चार शिंतोडे पडले की हे असं. नाहीतर आपली दहिसरची जास्वंद, रोज पाणी पिऊन रुसलेली."

केशरी फुलांच्या मागे आणखी केशरी फुलं होती, त्यांच्या मागे पिवळी, मग पांढरी. टेकडीपर्यंत दुसरं काहीच नव्हतं. मी एका हातात ओली चादर धरून बघत होते.

"छान आहे. आई, नंतर बोलू? मीटिंग सुरू होतेय."

"कर गो तुझी मीटिंग. उद्या तुका पक्षी दाखवतंय. समुद्रावर जाणार आम्ही."

एक मिनिट बेचाळीस सेकंद. फोनमध्ये तो कॉल अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, साडेतीनला टूर मॅनेजर केतनचा फोन आला. "ताई, तुम्ही बसलाय ना?" मी उभी होते. बसलेय म्हटलं. समुद्रकाठी पक्षी बघण्यासाठी एक लाकडी खोपी बांधली आहे, तिथल्या बाकावर बसल्या बसल्या आई गेली होती. डॉक्टर येऊन गेले होते, हृदय बंद पडलं म्हणाले. केतन सगळं नीट, क्रमाने सांगत होता. त्याला मध्येच तोडून मी विचारलं, "तिने नाश्ता केला होता का?"

"हो ताई. पोहे. आपला स्वयंपाकाचा महाराज आहे ना बरोबर."

"मग ठीक आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

चादरी वाळल्या होत्या. मी त्या काढल्या, घड्या घातल्या, कपाटात ठेवल्या. कपाटाचं दार लावताना मला कळलं, की मी "मग ठीक आहे" म्हणाले होते.

या सहलीला आम्ही दोघी जाणार होतो. आई महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात चौतीस वर्षं होती, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या वाळवंटात ऑगस्टमध्ये फुलं येतात, असा एक फोटो तिने कुठल्याशा जुन्या कॅलेंडरमधून कापून गोदरेजच्या कपाटाला आतून चिकटवला होता. माझ्या शाळेच्या दिवसांपासून तो तिथे होता. साडी काढताना रोज तो दिसायचा. अंधेरीच्या एका टूर कंपनीने तिथली मराठी सहल काढली, तेव्हा तिने मला न विचारता दोघींची नावं दिली. चौदा नंबर तिचा, पंधरा माझा. या कंपनीत प्रत्येक प्रवाशाला नंबर असतो. बस सुटण्याआधी एकेकाने आपला नंबर ओरडायचा, म्हणजे कोणी मागे राहत नाही.

व्हिसाचे कागद दोघींचे एकत्रच गेले. आणि मग जुलैत मी तिला सांगितलं, की साहेबांनी रजा नाकारली.

रजा नाकारली नव्हती. मी पंधरा दिवसांना घाबरले होते. पंधरा दिवस, एक खोली, शेजारी शेजारी दोन पलंग. माझा नवरा सौरभ आणि मी वेगळे झालो त्याला वर्ष झालं होतं, आणि आईला मी आजवर एवढंच सांगितलं होतं, की पटलं नाही. दिवा मालवल्यावर ती विचारणार हे मला माहीत होतं. फोनवर विचारलं तर फोन ठेवता येतो.

"साहेब कडक दिसतात तुझे," ती म्हणाली होती. बस्स. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

ती परत यायला नऊ दिवस लागले. कागदपत्रं सगळी केतनने केली. दहिसरच्या स्मशानात मी उभी होते, आणि माझ्या डोक्यात सारखं येत होतं, की तिला विमानात खिडकीची जागा मिळाली नसेल.

ऑक्टोबरमध्ये केतनचा पुन्हा फोन आला. सहलीनंतर महिना-दीड महिन्याने ग्रुप एकदा भेटतो. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा, फोटो आणि व्हिडिओ मोठ्या पडद्यावर बघायचे, जेवायचं. यावेळी बोरिवलीत, कोणाच्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये. "ताई, बोलवावं की नाही, मला कळत नव्हतं," तो म्हणाला. "पण सगळे विचारतायत. नाही जमलं तरी चालेल."

मी जाते म्हटलं. मला एकच विचारायचं होतं: ती तिथे एकटी पडली होती का.

हॉलमध्ये वीस-बावीस माणसं होती. मी दारात उभी राहिले तशी बोलणी थांबली. मग पांढऱ्या मिशांचे एक काका पुढे आले. "तू पंधरा नंबर! ये, ये. मी अंबादास, तेरा नंबर. तुझ्या आईच्या पुढचा." ते काही विनोद करायच्या बेतात होते असं वाटलं, पण त्यांनी तो गिळला आणि माझ्या हातातला डबा घेतला. मी आईच्या पद्धतीचे घावणे नेले होते. ते चामट झाले होते.

मुलुंडच्या संघमित्राताई माझ्या शेजारी बसल्या. निवृत्त परिचारिका, वय पासष्टच्या आसपास. मी नाही म्हटल्यावर कंपनीने त्यांना आईच्या खोलीत दिलं होतं. त्यांनी माझा हात धरला नाही, की पाठीवरून हात फिरवला नाही. त्याचं मला बरं वाटलं.

दिवे मालवले. केतन पडद्याशेजारी उभा राहून सांगू लागला, आणि तीच सहल पुन्हा सुरू झाली. कोरडे डोंगर. सरळ, निर्मनुष्य रस्ता. मग पहिलं वळण, आणि सगळं केशरी.

"इथली गाइड रोज सांगायची, उन्हाकडे पाठ करून चाला," केतन म्हणाला. "फुलं सूर्याकडे तोंड करून असतात. आपण पाठ केली की ती आपल्याकडे बघतात. आता हा फोटो बघा."

फोटोत सगळा ग्रुप एका दिशेने चालला होता. एकच बाई उलटी तोंड करून उभी होती. डोळ्यांवर हात धरलेला, निळा पंजाबी ड्रेस, पांढरे बूट. ते बूट मी घेऊन दिले होते.

"शेवंतीकाकू!" मागून कोणीतरी म्हणालं.

"म्हटलं, काकू, तिकडून काय दिसणार? तर म्हणाल्या, पाठमोरी कशी दिसतात तेही बघून ठेवूया."

लोक हसले. मीही हसले असेन. मग एकदम व्हिडिओ सुरू झाला, बसच्या आतला, आणि त्यासाठी माझी तयारी नव्हती. नंबर चालले होते. अंबादास ओरडले, "तेरा, अजून जिवंत!" आणि मग तिचा आवाज आला. खणखणीत, पण सर्दीने जरा बसलेला.

"चौदा! पंधरा घरी!"

अख्खी बस हसली. "सोळा," संघमित्राताई म्हणाल्या, आणि चित्र पुढे गेलं.

मी खुर्चीची कड धरली. "हे काय?" मी विचारलं.

"रोजचंच," संघमित्राताई कुजबुजल्या. "केतन म्हणाला होता, पंधरा गाळून पुढचे नंबर बदलू. ती म्हणाली, अजिबात नाही, पोरगी घरी आहे, हरवलेली नाही. मग रोज तिच्या नंबरच्या मागे तुझा. शेवटी शेवटी आम्ही सगळेच एका सुरात ओरडायचो, पंधरा घरी."

"ती... एकटी होती का?"

"शेवंती? अगं, रात्री तोंड बंद करायला सांगावं लागायचं तिला. तुझ्या त्या साहेबाला तर इतक्या शिव्या घातल्या तिने. मालवणीत. अख्ख्या बसला पाठ झाल्या होत्या. म्हणायची, पोरीला एवढं यायचं होतं आणि मेल्याने रजा दिली नाही."

पडद्यावर आता समुद्र होता. करडा, फेसाळ. खडकांवर सील पडून होते. मग एक लहानसं बेट, आणि त्यावर हजारो पांढरे पक्षी दाटीवाटीने बसलेले, डोकी हळदीसारखी पिवळी. त्यातला एक उडत आला, बरोबर एका जागी उतरला, आणि तिथे बसलेल्या दुसऱ्याने मान उंच केली. दोघं चोचीवर चोच घासत राहिले. केतन या फोटोंवर काही बोलत नव्हता. भराभर पुढे नेत होता.

"थांब," मी म्हणाले. "सांग ना."

त्याने संघमित्राताईंकडे पाहिलं.

"बसमध्ये नंबर चालले होते," त्याच म्हणाल्या. "मी पुढे येऊन बसले होते. तिने सांगितलं होतं, पाच मिनिटं बसते आणि येते. बारा झाला. तेरा झाला. 'अजून जिवंत', झालं. आणि पुढे काही नाही. आम्ही हसत होतो. म्हटलं, मुद्दाम उशीर करतेय. अंबादास म्हणाला, चौदा घरी गेली वाटतं." त्यांचा आवाज सपाट होता. "मग मी उतरले. बाकावर बसली होती. दुर्बीण मांडीवर. मी नर्स आहे गं, मला लांबूनच कळलं."

अंबादास खाली बघत होते.

दिवे लागले. संघमित्राताईंनी पर्समधून चौकोनी घडी घातलेला एक कागद काढला. "हा तुझा. माझ्या पक्ष्यांच्या पुस्तकात तिने खूण म्हणून ठेवला होता. बॅग भरताना माझ्याकडेच राहिला. बसमध्ये रोज काहीतरी टिपून ठेवायची. मी वाचला नाही."

पाठकोऱ्या कागदावर लिहायची आईची सवय ऑफिसातली. घरातली वाण्याची यादीसुद्धा जुन्या परिपत्रकांच्या मागे असायची. तिचं अक्षर, निळी शाई, आकडे घालून.

साडेदहाच्या आधी उघडत नाहीत. ढग आले तर दिवसभर मिटलेली. फुलं तोडायला बंदी, हे चांगलं. पाठमोरी बघितली तर देठावरची लव दिसते, ती समोरून दिसत नाही. कासव, रस्ता ओलांडताना, केतनने बस थांबवली. अनूला खिडकी द्यायची, तिला बसमध्ये मळमळतं.

आणि खाली, रेघ मारून वेगळं काढलेलं: पुढच्या वेळी. सौरभचा विषय काढायचा नाही, हे तिला निघण्याआधीच सांगून टाकायचं.

ती ओळ मी दोनदा वाचली. मग कागद उलटला.

वर माझ्या कंपनीचं नाव छापलेलं होतं. तारीख जूनची. "कुमारी" खोडून "श्रीमती" केलेलं. अनुपमा परब यांची दिनांक तेरा ते सत्तावीस ऑगस्ट या कालावधीची रजा मंजूर करण्यात येत असून... खाली साहेबांची सही, शिक्का.

व्हिसासाठी हे पत्र लागतं. मीच ते जूनमध्ये देऊन आले होते आणि विसरले होते. मी नाव मागे घेतल्यावर टूर कंपनीने माझे कागद तिच्याच पाकिटातून परत पाठवले असणार. आणि आई कागद वाचल्याशिवाय पुढे सरकवत नसे, चौतीस वर्षांत कधीच नाही. म्हणजे निघण्याच्या आधीपासून तिला माहीत होतं. म्हणजे "साहेब कडक दिसतात तुझे" नंतर लगेच कधीतरी. शनिवारी, मीटिंग आहे म्हटलं तेव्हाही. आणि बसमध्ये, त्या शिव्या घालतानाही हे पत्र तिच्या जवळ होतं.

"पाणी देऊ?" संघमित्राताईंनी विचारलं. मी मान हलवली.

पलीकडे पानं मांडली जात होती. केतनने टाळी वाजवली. "चला, जेवणाआधी शेवटचा काउंट. सवयीप्रमाणे." बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. चेहरा उतरला. पण खिडकीजवळच्या कोणीतरी "एक" म्हटलं होतं, आणि दोन, तीन आपोआप निघून गेले. नऊ. दहा. अकरा. बारा.

"तेरा," अंबादास म्हणाले. एवढंच.

पुढचा आवाज आला नाही. पंख्यांची घरघर तेवढी होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला. कागद माझ्या हातात होता, तिचं अक्षर माझ्याकडे, साहेबांची सही हॉलमधल्या सगळ्यांकडे.

"पंधरा," मी म्हणाले. मग जरा मोठ्याने, समोरच्या बंद पडद्याकडे बघत: "आई, रजा मिळाली होती मला. मीच आले नाही."