मनीषाचं पहिलं पान

डेऱ्यात रवी घुसळावी तसा मनीषाचा आवाज: खाली घट्ट, वर फेसाळ, आणि मधूनच एखादा इंग्रजी शब्द लोण्यासारखा वर तरंगणारा. गडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीत तिच्या आईचा ताकाचा स्टॉल. हिवाळ्याचं कोवळं ऊन ताडपत्रीतून झिरपून तिच्या लॅपटॉपवर सांडायचं, आणि मी, महाडची तिची वर्गमैत्रीण, समोर बसून ताक पीत ते ऊन बघत राहायचे.

तिचा थिसिस झऱ्यांवर. वरच्या वाडीचा झरा खालच्याच्या आधी का आटतो? पण इंग्रजीतल्या प्रस्तावनेत हा प्रश्न यायचा थेट चौथ्या पानावर. त्याआधी डोंगर, वाडी, कुणाचं घर कुठं, कोण मुंबईला गेलं. तिच्या गाईड सरांनी 'प्रश्न कुठाय?' म्हणत ती एकदा परत पाठवली, दुसऱ्यांदा परत पाठवली, आणि आता सोमवारी सही मिळाली नाही तर वर्षच जाणार होतं.

"दारात आल्या आल्या कामाचं बोलतं का कोण?" मनीषा फणकारली. "आधी कुणाची, कुठली, पाणी पी. मग काम."

तेवढ्यात घामाघूम झालेला एक पाहुणा बाकावर येऊन आदळला. "वर गडावर पाणी मिळतं का हो?"

"मिळतं, पण कमी. इथंच भरून घ्या," मनीषा मान वर न करता म्हणाली. त्यानं बाटली भरली, ग्लासभर ताक घेतलं, आणि मग कुठं तिनं गडावरची टाकी, पाऊस, वाडीतली जुनी माणसं सगळं सांगायला घेतलं. पाठीवरची सॅक न काढता तो ऐकत बसला.

तो गेल्यावर मी चिडवलं, "याला नाय विचारलंस, कुणाचा तू?"

"दमलेला हाय गो तो. त्याला आधी पाण्याचं सांगायला लागतं." आणि तिची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली. "सर पण दमलेलेच असतील. एवढे थिसिस वाचून."

तिनं प्रश्न उचलून पहिल्या ओळीत ठेवला. मी विचारलं, वाडी काढलीस?

"कशाला? घर तेच. दार पुढं घेतलं."

सोमवारी सही झाली. आता ती नाशिककडे पाण्याचंच काम करते, आणि ताडपत्रीखालच्या उन्हात मी एकटीच बसते. दूर गेलेल्या माणसाची आठवणसुद्धा अशीच येते: आधी फक्त एवढंच कळतं की ते माणूस इथं नाही, आणि मग सावकाश, दिवस कलताना, त्याचं सगळं गाव आपल्याजवळ येऊन बसतं.